बाहेर उभ्या राहणाऱ्या गाडीला वॅक्स की सीलंट?

दादांनी विचारलंय ते थोडक्यात असं, की गाडी मरून कलरची सेडान, तीन वर्षांची, कोल्हापुरात राजारामपुरीत घरासमोर रस्त्यावरच उभी असते, रोज शिरोली एमआयडीसीला जाणं-येणं, मे संपत आलाय आणि पावसाआधी पेंटला काहीतरी लावून घ्यायचंय. वॅक्स लावू की सीलंट? शोरूमवाले टेफ्लॉन म्हणतायत, मित्र सिरॅमिक म्हणतोय, आणि मागचा बंपर आत्ताच पेंट करून आणलाय.

सरळ सांगायचं तर सीलंट. तुमच्या गाडीला, तुमच्या पार्किंगला आणि पुढच्या चार महिन्याच्या पावसाला सीलंटच. पण नुसतं हे वाचून बाटली मागवू नका, कारण त्याच्या आधी जे करायचं असतं ते केलं नाही तर दोन्हीपैकी काहीही लावा, पैसे पाण्यात.

आधी पत्र्यावर नेमकं काय असतं ते बघू. पत्रा, त्यावर गंज रोखणारा थर, मग प्रायमर, मग कलर, आणि सगळ्यात वर क्लिअर कोट. हे सगळं मिळून साधारण १०० ते १३० मायक्रॉन, म्हणजे एक मिलिमीटरचा जेमतेम आठवा-दहावा भाग. त्यातला क्लिअर कोट ३५ ते ५० मायक्रॉनचा. तुम्हाला जी चमक दिसते ती या क्लिअर कोटची, ऊन्हापासून कलरला वाचवतो तोही हाच, आणि गॅरेजवाला 'रबिंग मारून देतो' म्हणतो तेव्हा घासून कमी होतो तोही हाच. वॅक्स आणि सीलंट हे दोन्ही त्याच्यावरचे अजून पातळ थर, जे आपण झिजायलाच लावतो. पक्ष्याची शीट, झाडाचा चिकट, बोअरच्या पाण्याचे डाग, हे आधी त्या थराला भिडतात आणि क्लिअर कोटला जरा वेळ मिळतो. काम एवढंच. स्क्रॅच थांबवणं, खडीचा दगड अडवणं हे दोघांच्याही हातात नाही, डबीवर काहीही छापलेलं असू दे.

वॅक्स म्हणजे मुख्यतः कार्नुबा, ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरचं मेण. शुद्ध कार्नुबा वितळतं ८२ ते ८६ अंशाला, म्हणून लोक म्हणतात की आपल्या ऊन्हात ते टिकायला पाहिजे. मेमध्ये दुपारी दोनला मरून गाडीच्या टपावर हात ठेवून बघा, ठेवता येत नाही, सत्तरीच्या आसपास पत्रा जातो. म्हणजे कार्नुबा वितळत नाही हे खरंय, पण डबीत शुद्ध कार्नुबा कधीच नसतं, शुद्ध कार्नुबा दगडासारखं कडक, ते हातानं लागणारच नाही. म्हणून त्यात मऊ मेण, तेल आणि सॉल्व्हंट घातलेलं असतं. सॉल्व्हंट लावल्या लावल्या उडून जातं, तेल आणि मऊ मेण ऊन्हात ढिलं पडतं, त्यावर धूळ चिकटते, आणि पुढच्या दोन-तीन वॉशमध्ये निघून जातं. बाहेर उभ्या गाडीवर माझ्या बघण्यात वॅक्स महिना-दीड महिना धरतं, जुलैच्या पावसात त्याहून कमी. गॅरेजमध्ये झाकून ठेवलेल्या, रविवारी फिरवायच्या गाडीवर तेच वॅक्स आरामात दुप्पट जाईल.

सीलंट हे कारखान्यात बनवलेलं, पॉलिमर आणि सिलिकॉनच्या जातीचं. लावल्यावर ते पेंटला धरतं आणि आपापसात जुळून एक सलग थर बनतो, त्याला बारा तास-चोवीस तास लागतात म्हणूनच लावल्यावर गाडी भिजवू नका सांगतात. ऊन्हात वॅक्सपेक्षा कितीतरी जास्त टिकतं, शाम्पूनं पण लवकर सुटत नाही. बाटलीवर सहा महिने, वर्ष असं लिहिलेलं असतं, ते सोडा. आपल्याकडे बाहेरच्या गाडीला तीन-चार महिने धरून चाला. म्हणजे मेच्या शेवटी लावलं तर गणपती उठेपर्यंत काम करतं, आणि आपल्याला तेवढंच पाहिजे, कारण जुलै-ऑगस्टमध्ये पुन्हा लावायला कोरडा दिवसच मिळत नाही. वॅक्सची खरी अडचण इथंच आहे, ते वाईट नाही, पण दर महिन्याला लावायचं तर पावसाळ्यात लावणार कुठं? शेड नाही, पार्किंग नाही, हवेत ओल. शहरात ही अवस्था, गगनबावड्याकडं किंवा राधानगरीकडं घर असलेल्यांनी तर वॅक्सचा विचारच करू नये.

आता शिरोलीचा मुद्दा, जो तुम्ही सहज लिहिलाय पण मला तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. शिरोली, गोकुळ शिरगाव, उद्यमनगर, या सगळ्या पट्ट्यात फौंड्री आणि मशिन शॉप. फेटलिंगचा, म्हणजे ओतीव भाग घासून साफ करण्याचा, आणि ग्राइंडिंगचा लोखंडी बारीक कण हवेत असतो, तो गरम पत्र्यावर बसतो, पहिल्या दवात किंवा पावसात गंजतो आणि क्लिअर कोटमध्ये रुतून बसतो. शाम्पूनं निघत नाही. पांढऱ्या गाडीवर जवळून बघितलं तर तांबूस टिपके दिसतात, लोकांना वाटतं पत्रा गंजायला लागला. मरूनवर दिसतच नाहीत, पण असतात. गाडी धुवून वाळली की हातात पातळ प्लास्टिकची पिशवी घाला आणि बॉनेटवरनं हळू बोटं फिरवा. उघड्या हाताला गुळगुळीत लागणारा पत्रा पिशवीतनं वाळूच्या कागदासारखा खरखरीत लागेल. त्या खरखरीवर सीलंट लावलं तर ते पेंटला नाही, घाणीला धरतं, आणि घाणीबरोबर जातं. मग लोक म्हणतात सीलंट फालतू.

हे काढायला आयर्न रिमूव्हर मिळतो. धुतलेल्या, थंड गाडीवर सावलीत मारायचा. दोन-तीन मिनिटात पारदर्शक पाणी जांभळं व्हायला लागतं, आणि एमआयडीसीत उभी राहणारी गाडी असेल तर दरवाज्याच्या खालच्या भागातनं आणि मागच्या डिकीवरनं जांभळे ओघळ असे सुटतात की गिऱ्हाईक घाबरतो, कलर चालला म्हणून. कलर जात नाही, लोखंड विरघळतंय त्याचा तो रंग. वास मात्र सडक्या अंड्यासारखा लई घाण, मोकळ्या जागेत करा, हातमोजे घाला, आणि गाडीवर वाळू देऊ नका, वाळायच्या आत भरपूर पाण्यानं धुवा. त्यानंतर डांबराचे ठिपके असतील तर टार रिमूव्हर, चाकांच्या मागच्या पट्टीवर हमखास असतात. मग क्ले बार, म्हणजे रुतलेली घाण ओढून घेणारी मऊ मातीसारखी वडी, भरपूर शाम्पूच्या पाण्यावर, जोर न लावता, एका वेळी पत्र्याचा दीड-दोन फुटाचा भाग. क्ले खाली पडला तर उचलून परत वापरू नका, टाकून द्या, त्याला खडा चिकटलेला असतो आणि तो खडा तुमच्या बॉनेटवर रेघा ओढणार. परत पिशवीची टेस्ट करा. काचेसारखं लागलं की झालं.

पॉलिश करायचं का? तीन वर्षाच्या मरून गाडीवर ऊन्हात बघितलं की गोल गोल कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा दिसत असणार, त्या झाकायच्या नाहीत, काढायच्या असतील तर मशिन पॉलिशच लागतं, म्हणजे क्लिअर कोटचा एखाद-दोन मायक्रॉन घासून सपाट करणं. एकदा चांगल्या माणसाकडनं करून घ्या, मीटरनं जाडी मोजून करणारा बघा. दरवर्षी करू नका. दर सर्व्हिसला रबिंग-पॉलिशिंगचं पॅकेज घेणारे लोक आहेत, त्यांना वाटतं आपण गाडीची काळजी घेतोय, प्रत्यक्षात चार-पाच वर्षात कडांवरचा क्लिअर कोट संपवून ठेवतात. पॉलिशनंतर तेलकटपणा राहतो, तो आयसोप्रोपिल अल्कोहोल पाण्यात निम्मं-निम्मं करून पुसून घ्यायचा, मग सीलंट. मशिन करायचं नसेल तर क्लेनंतर सरळ पुसून सीलंट लावा, रेघा राहतील पण पेंट सुरक्षित राहील, माझ्या मते पावसाआधी एवढं पुरे.

लावताना लोक सगळ्यात जास्त चूक करतात ती म्हणजे जास्त लावणं. जाड थरानं जास्त टिकत नाही, जास्तीचं सगळं तुम्हीच पुसून फेकणार असता. एका अख्ख्या सेडानला तीस-चाळीस मिली लिक्विड सीलंट भरपूर झालं, म्हणजे ४७३ मिलीची बाटली घेतली तर घरातल्या दोन गाड्यांना काही वर्षं पुरते. फोमच्या पॅडवर चार-पाच थेंब, एका वेळी एक पॅनल, पुसट दिसेल न दिसेल एवढं पसरवा. धूसर व्हायची वाट बघा, मग बोटानं एक रेघ ओढा. रेघ स्वच्छ निघाली तर पुसायला तयार, फासली गेली तर अजून थांबा. मेच्या शेवटी वळवाच्या ढगानं हवा दमट असली तर जास्त वेळ लागतो, घाई करू नका. पुसायला स्वच्छ मायक्रोफायबर, एक नाही, तीन-चार. काळ्या प्लास्टिकवर, वायपरखालच्या जाळीवर, दरवाज्याच्या रबरावर वॅक्स किंवा सीलंट गेलं की पांढरे डाग पडतात आणि वॅक्सचे तर जातच नाहीत लवकर, आधी पेंटरची मास्किंग टेप मारून घ्या. शक्य असेल तर दुसरा हात दुसऱ्या दिवशी द्या, जास्त जाडीसाठी नाही, पहिल्या वेळी सुटलेल्या जागा भरायला. आणि पहिली रात्र कुणाच्या तरी शेडमध्ये, कंपनीत, मेव्हण्याच्या पार्किंगमध्ये, कुठंही आत लावा. राजारामपुरीत रस्त्यावर लावली आणि रात्री वळीव आला तर सगळी मेहनत वाया.

आता गाडी धुतं कोण, हा प्रश्न बाटलीपेक्षा मोठा आहे. सकाळी एक बादली आणि एक फडकं घेऊन गल्लीतल्या दहा गाड्या पुसणारा माणूस असेल, तर नवव्या गाडीला पहिल्या आठ गाड्यांची वाळू लागते. डिकीत ठेवलेलं ते पिवळं फडकं, ज्यानं सिग्नलला पण लोक बॉनेटवरची धूळ झटकतात, मरून आणि काळ्या गाडीचा त्याच्याएवढा शत्रू दुसरा नाही. कोरडी धूळ पुसायचीच नाही, पाणी मारून काढायची. त्या माणसाला पैसे द्याच, पण सांगा की आतनं पूस, काचा पूस, बाहेरनं फक्त पाणी मार. वॉशिंग सेंटरला गेलात तर फोमला काय वापरतात ते विचारा, ट्रक धुवायचं कडक केमिकल कारला मारणारे आहेत, ते वॅक्स एका फटक्यात काढतं आणि सीलंटचं पण आयुष्य निम्मं करतं. अंडरबॉडीला डिझेल मारून देतो म्हणाले तर नको म्हणा, रबरी बुश खराब होतात. भांड्याचं लिक्विड पण नको, कार शाम्पूची बाटली काही फार महाग नाही.

बोअरचं पाणी असेल तर अजून एक गंमत. सीलंट लावलं की पाण्याचे मस्त गोल थेंब होतात, लोक व्हिडिओ काढतात. तेच थेंब बोअरच्या पाण्याचे असले आणि ऊन्हात वाळले तर प्रत्येक थेंबाच्या जागी क्षाराचं पांढरं कडं राहतं. म्हणजे संरक्षण लावलेल्या गाडीला धुतल्यावर लगेच पुसून घ्यायची जबाबदारी जास्त, कमी नाही. पावसाच्या पाण्याला हा त्रास नाही, त्यात क्षार नसल्यात जमा. कडं पडलंच तर ताजं असताना व्हिनेगर पाण्यात पातळ करून फडक्यानं थोडा वेळ ठेवा, धुवून टाका, मग त्या जागी पुन्हा सीलंटचा हात द्या कारण ॲसिडनं तोही ढिला पडतो.

टेफ्लॉनबद्दल. तव्यावरचं टेफ्लॉन, म्हणजे पीटीएफई, वितळतं ३२७ अंशाच्या आसपास, तव्यावर ते भट्टीत त्याहून जास्त तापमानाला भाजून बसवतात. गाडीवर एवढी उष्णता दिली तर पेंट, बीडिंग, वायरिंग सगळं जाईल. त्यामुळं शोरूममध्ये तासा-दीड तासात जे टेफ्लॉन कोटिंग होतं ते व्यवहारात एक साधं सीलंट किंवा पॉलिशच असतं, मशिननं फिरवलेलं, आणि बहुतेक वेळा आयर्न रिमूव्हर-क्ले न करता. काही महिने चमकतं, खोटं नाही. पण तेवढ्याच कामासाठी जेवढे पैसे मागतात त्यात तुमचं सगळं सामान येऊन वर मायक्रोफायबरची चळत येईल.

सिरॅमिक ही वेगळी गोष्ट, सिलिकावर आधारलेलं, खरंच कडक बसतं आणि वर्ष-दोन वर्षं चालतं, नीट केलं तर. पण ते ९एच वगैरे जे सांगतात ती पेन्सिलनं रेघ मारून बघायची मोजणी आहे, त्याचा अर्थ चावीनं स्क्रॅच पडणार नाही असा होत नाही. आणि त्याआधी पॉलिश अनिवार्य, कारण खालच्या रेघा सिरॅमिकखाली तशाच बंद होतात. तुमची गाडी रस्त्यावर, धुणारा माणूस फडकंवाला, अशा परिस्थितीत मी तरी सिरॅमिकवर खर्च करा म्हणणार नाही, माझा धंदा त्याचाच असून सुद्धा. आधी पार्किंग आणि धुणं सुधारा. हायवेच्या खडीची काळजी असेल तर बॉनेट-बंपरला पीपीएफ, म्हणजे पेंटवर चिकटवायची पारदर्शक फिल्म, हा एकच इलाज, बाकी कशानं खडी अडत नाही.

मग वॅक्स कधीच नाही का? आहे की. पाऊस संपला, खंडेनवमीला गाडी पूजेला उभी करायची, तेव्हा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सीलंट पुन्हा एकदा लावून एक दिवस जाऊ द्या आणि त्यावर वॅक्सचा एक हात मारा. मरून, काळा, गडद निळा या कलरला वॅक्सनं जी ओलसर खोली येते ती सीलंटला येत नाही, सीलंटची चमक काचेसारखी, जरा कोरडी. पांढऱ्या आणि सिल्व्हर गाडीला हा फरक उघड्या डोळ्याला कळत पण नाही, त्यांनी वॅक्सवर खर्चच करू नये. क्रम मात्र हाच, खाली सीलंट वर वॅक्स. उलटं केलं तर सीलंटला पेंट मिळत नाही, मेणावर बसून मेणाबरोबर जातं. आणि मॅट फिनिशची गाडी असेल तर यातलं काहीच नको, तिचं सामान वेगळं.

दसऱ्याचा विषय निघालाच आहे तर बॉनेटवरच्या हळदीच्या स्वस्तिकाबद्दल दर वर्षी विचारणा होते. पिवळा डाग राहिला म्हणून रबिंग करायला पळू नका, हळदीचा रंग ऊन्हात आपोआप उडतो, चार-पाच दिवस गाडी ऊन्हात फिरवा. कुंकू मात्र त्याच दिवशी धुवा, त्याचा भरवसा नाही. नारळाचं पाणी बंपरवर वाळू देऊ नका. जोतिबाच्या चैत्र यात्रेला गाडी गेली तर गुलाल कोरड्या फडक्यानं झटकायचा नाही, आधी प्रेशरनं पाणी, मग शाम्पू. खाली सीलंट असेल तर गुलाल पटकन सुटतो, दरवाज्याच्या रबरात मात्र तो पुढच्या यात्रेपर्यंत दिसणार.

हिवाळ्यात ऊसाचा सीझन. कारखान्याच्या धुराड्यातनं चिपाडाची काळी राख उडते, सकाळी गाडीवर पापुद्रे बसलेले असतात. हात लावला की काळं फासतं. फुंकर मारून किंवा पाण्यानं घालवा, पुसू नका. शीट पडली तर संध्याकाळपर्यंत सुद्धा थांबू नका, ऊन्हात तासाभरात ती क्लिअर कोटमध्ये उतरायला लागते, आणि एवढ्यासाठी गाडीत पाण्याची बाटली आणि एक स्वच्छ मायक्रोफायबर ठेवा, पिवळ्या फडक्याच्या जागी.

सीलंट संपलं का नाही हे बघायला घाणेरड्या गाडीवर पाणी टाकून काही कळत नाही, धुळीवर थेंब बसतच नाहीत. नीट शाम्पूनं धुवा, मग पाणी मारा. टप आणि बॉनेटवर पाणी चादरीसारखं पसरून थांबलं, सरकलं नाही, तर संपलं. दरवाज्यांवरचं सीलंट त्यानंतर महिनाभर चालतं, त्यामुळं मध्येच फक्त टप, बॉनेट आणि डिकीला हात दिला तरी भागतं, अख्खी गाडी करायची गरज नाही.

शेवटचं, तो मागचा बंपर. कंपनीतनं आलेला पेंट १४० अंशाच्या आसपास भाजलेला असतो, त्याला पहिल्या दिवसापासून काहीही लावता येतं. गॅरेजमधला पेंट तसा नसतो, बूथमध्ये, म्हणजे पेंटच्या बंद गरम खोलीत, भाजला तरी साठ अंशाच्या आसपास, आणि साध्या शेडमध्ये मारला असेल तर हवेवरच वाळलेला, त्यातलं सॉल्व्हंट पुढचे काही आठवडे बाहेर पडत राहतं. त्यावर आत्ता सीलंट लावलं तर ते आत कोंडतं, पेंट मऊ राहतो, धुरकट पडू शकतो. पेंटरला विचारा बूथ होता का नव्हता. नसेल तर दोन महिने तरी थांबा, म्हणजे ऑगस्ट, आणि तेव्हा कोरडा दिवस मिळाला नाही तर सरळ पावसानंतर बाकीच्या गाडीबरोबर करा. तोवर त्या बंपरला फक्त पाणी आणि शाम्पू, आणि सीलंट लावताना बंपरच्या कडेला टेप मारायला विसरू नका.